तक्रार साहेबांविरुद्ध असते तेव्हा

मित्रहो, पोलिसांविरुद्ध ज्याने एकदा तरी अर्ज दिला आहे, त्याला त्या अर्जाचा प्रवास ठाऊक असतो. अर्ज वर जातो, ‘चौकशी करून अहवाल सादर करावा’ असा शेरा घेतो आणि पुन्हा खाली येतो. शिपायाविरुद्धचा अर्ज निदान त्याच्या वरिष्ठाच्या टेबलावर तरी पोचतो. पण तक्रार दलाच्या प्रमुखाविरुद्धच असली, तर शेरा मारायचा कोणी?

यावर नागरी देखरेखीचं, म्हणजे दलाबाहेरच्या नागरिकांनी पोलिसांच्या कामावर लक्ष ठेवण्याचं, उत्तर दिलं की लगेच कानावर येतं, ‘याने पोलिसांचं मनोधैर्य खचेल.’ मला नेमकं उलट दिसतं. वरच्या अधिकाऱ्यांना विचारणारं बाहेरचं कोणी नसलं, की सर्वांत आधी उघडा पडतो तो त्यांच्या हाताखालचा पोलीस. कसा, ते सांगतो.

१५ एप्रिल १९८९. इंग्लंडमधलं शेफील्ड, हिल्सबरोचं फुटबॉल मैदान. गर्दीत चिरडून ९७ माणसं गेली. बंदोबस्ताचे प्रमुख होते डेव्हिड डकनफील्ड. गर्दी ज्यातून आत लोटली ते बाहेरचं फाटक त्यांच्याच हुकमाने उघडलं होतं. त्यांनी मात्र सांगितलं की प्रेक्षकांनी ते जबरदस्तीने उघडलं. पुढे मैदानावरच्या पोलिसांना आठवणी लिहून द्यायला सांगितलं, आणि त्याही खिशातल्या नोंदवहीत नाही, कोऱ्या कागदावर. नोंदवहीला पानांचे क्रमांक असतात, ती पुरावा ठरते. कोरा कागद बदलता येतो, आणि तो बदललाही. २०१२ साली स्वतंत्र समितीने कागदपत्रं उघडली तेव्हा कळलं की १६४ जबाबांत मोठे फेरफार झाले होते. त्यांतल्या ११६ जबाबांतून दलाला अडचणीचा ठरणारा मजकूर काढला किंवा फिरवला होता.

आता हे जबाब कोणाचे होते ते बघा. ते प्रेक्षकांचे नव्हते. दिवसभर प्रेतं उचलणाऱ्या, ‘आम्हाला कोणी हुकूमच देत नव्हतं’ असं लिहिणाऱ्या साध्या पोलिसांचे होते. त्यांनी खरं लिहिलं होतं. त्यांना दलाबाहेर कोणाकडे जाता आलं असतं, तर हे खरं त्याच वर्षी टिकलं असतं. पुढे २०२१ मध्ये दोन निवृत्त अधिकारी आणि दलाचे तेव्हाचे वकील यांच्यावर या फेरफाराबद्दल खटला उभा राहिला, तो न्यायाधीशांनी मध्येच थांबवला. कारण काय? हे जबाब न्यायालयासाठी नव्हते, एका चौकशीसाठी होते, म्हणून न्यायदानात अडथळा हा गुन्हाच बसत नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान पुन्हा मागे उलटून पाहिलं होतं.

दुसरं उदाहरण लॉस एंजेलिसचं. २०११ मध्ये तिथल्या तुरुंगांतल्या मारहाणीचा तपास एफबीआय ही अमेरिकेची केंद्रीय तपास यंत्रणा करत होती. तिला खबर देणारा एक कैदी शेरीफच्या (तिथला पोलीसप्रमुख, तुरुंगही त्याच्याच ताब्यात) माणसांच्या लक्षात आला. त्यांनी त्याला खोट्या नावांनी इकडून तिकडे हलवलं, म्हणजे एफबीआयला तो सापडू नये. दोन सार्जंट तर तपास करणाऱ्या एफबीआय अधिकारी महिलेच्या घराबाहेर जाऊन उभे राहिले आणि तिला अटकेची धमकी दिली. २०१४ मध्ये यासाठी सहा जणांना शिक्षा झाली: दोन लेफ्टनंट, दोन सार्जंट आणि दोन डेप्युटी, म्हणजे शेरीफचे साधे पोलीस. शेरीफ ली बाका यांना तीन वर्षांची शिक्षा झाली ती २०१७ मध्ये. वरून इशारा आला आणि खालच्यांनी तो पाळला. तुरुंगाचं दार मात्र आधी खालच्यांसाठी उघडलं. २०१६ मध्ये तिथे नागरी देखरेख आयोग आला, पण साक्षीला बोलावण्याचा आणि कागद मागवण्याचा अधिकार त्याला २०२०च्या मतदानातून मिळाला. तोवर त्याला कागद मिळायचे ते शेरीफची मर्जी असेल तेव्हाच.

‘बाहेरच्यांना पोलिसांचं काम काय कळतं?’ हाही प्रश्न नेहमीचा. नॉर्दर्न आयर्लंडच्या पहिल्या पोलीस लोकपाल नुआला ओ’लोन कायद्याच्या प्राध्यापक होत्या. १९९८ मध्ये तिथल्या ओमा गावातल्या बॉम्बस्फोटात २९ माणसं मारली गेली होती. त्याच्या तपासाबद्दल २००१ मध्ये अहवाल देताना त्यांनी खुद्द पोलीसप्रमुखांच्या नेतृत्वावर बोट ठेवलं. प्रमुख खवळले, अहवाल साफ नाकारला. तरी त्यांना तो थांबवता आला नाही, कारण लोकपालाकडे स्वतःचे तपास अधिकारी होते आणि कार्यालय पोलिसांच्या हाताखालचं नव्हतं.

आपल्याकडे बघू. पोलीस सुधारणांबद्दलच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितलं. अधीक्षक आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी राज्य प्राधिकरणाकडे, उपअधीक्षक आणि खालच्यांविरुद्धच्या जिल्ह्याकडे. निकाल मोलाचा आहे, यात शंका नाही. पण त्यातली शब्दयोजना नीट वाचा. राज्य पातळीवर फक्त गंभीर गैरवर्तनाच्या तक्रारी घ्यायच्या, आणि उदाहरणं दिली आहेत ती कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत आणि बलात्कार यांची. खंडणी, जमीन किंवा घर बळकावणं, अधिकाराचा गंभीर गैरवापर हे शब्द येतात ते जिल्हा पातळीच्या वाक्यात.

आता सांगा, मोठे साहेब स्वतः कोठडीत जाऊन कोणाला मारतात का? त्यांचं गैरवर्तन फोनवर होतं. गुन्हा नोंदवू नका, कलम बदला, अमुक अधिकाऱ्याची बदली करा. लेखी काही नसतं. असतो तो तोंडी हुकूम आणि तो पाळणारा फौजदार. म्हणजे अधिकाराचा गैरवापर हे शब्द जिथे सर्वांत ठळक हवे होते, तिथेच ते लिहिलेले नाहीत. कायदा करताना राज्यांनी ते राज्य पातळीवर स्पष्ट लिहावेत, आणि दलातल्या माणसाला आपल्याच वरिष्ठाविरुद्ध, नाव गुप्त ठेवून, थेट प्राधिकरणाकडे जाता यावं, असं मला मनापासून वाटतं.

कारवाईतून निसटायची शेवटची वाट निवृत्तीची. डकनफील्ड १९९१ मध्ये आजारपणाच्या कारणाने निवृत्त झाले आणि त्यांच्यावरची शिस्तभंगाची कारवाई तिथेच संपली. ब्रिटनने २०१७च्या कायद्याने ही वाट अरुंद केली: गंभीर आरोप असेल तर नोकरी सोडल्यानंतरही कारवाई चालते, पण आरोप साधारणपणे १२ महिन्यांच्या आत पुढे यावा लागतो, अतिगंभीर प्रकरणांना तेवढा अपवाद. मला ही मुदत फार तोकडी वाटते. त्या १६४ जबाबांचा आकडा लोकांसमोर यायला २३ वर्षं लागली होती.