एक भूमिका, दोन देह: दोमिनिक मेर्सी

१९७३ साली नृत्यदिग्दर्शिका पिना बाउश यांनी जर्मनीतल्या वुपरटाल शहराच्या नृत्यसंचाची सूत्रं हाती घेतली. पहिल्याच संचात फ्रान्सचे दोमिनिक मेर्सी होते. बॅलेचा पाया पक्का, वय जेमतेम तेवीस.

मे १९७५ मध्ये त्यांच्या वाट्याला ऑर्फियस आला, ग्रीक पुराणकथेतला गायक. ऑपेरा संगीतकार ग्लुकचा. बाउश यांनी प्रत्येक प्रमुख भूमिका दोघांना वाटून दिली. एकानं गायची, एकानं नाचायची, आणि दोघंही रंगमंचावर. ऑर्फियसचा आवाज काळ्या पोशाखातल्या गायिकेचा, देह मेर्सींचा.

इथे नर्तक शब्दांचा अभिनय करू लागला की प्रयोग फसतो. गाण्यानं सांगितलेलंच हात पुन्हा सांगतात आणि दोन्ही फिकं पडतं. नर्तकानं धरायचा तो गायिकेचा श्वास. ओळीआधी तिच्या बरगड्या फुलतात, त्याच क्षणी त्याची हालचाल निघायला हवी. स्वर कानावर पडल्यावर निघाला तर उशीर झालेला असतो. नुसते आकडे मोजूनही भागत नाही. तालमी बहुतेक पियानोवर होतात, वाद्यवृंद शेवटी येतो, आणि त्याच्या संचालकाची लय रोज थोडी हलते.

पत्नी युरिडिस गेल्यावरची प्रसिद्ध विलापिका सुरू होते तेव्हा मेर्सींचा ऑर्फियस प्रेक्षकांकडे पाठ करून जवळजवळ निश्चल असतो. एवढं दुःख नुसत्या पाठीनं पेलणं आम्हांला उड्यांपेक्षा कितीतरी अवघड वाटतं.

१९७८ चं बाउश यांचं 'कॅफे म्युलर'. संगीत पर्सेलचं. नर्तकी मालू ऐरोदो मेर्सींना घट्ट मिठी मारतात. तिसरा माणूस येऊन ती सोडवतो, मेर्सींचे हात कोपरात वाकवून त्यांवर मालूंना आडवं ठेवतो आणि वळतो. मालू हातांतून निसटून जमिनीवर येतात, उठतात, पुन्हा मिठी. हाच क्रम वाढत्या वेगानं. हात आधीच सैल पडले तर ते टाकणं वाटतं, धरून ठेवले तर पडणं खोटं वाटतं.

बाउश यांच्याच १९८२ च्या 'नेल्केन'मध्ये बायकी झग्यातले मेर्सी चिडून प्रेक्षकांना बॅलेच्या उड्या, गिरक्या करून दाखवतात. आणखी काय बघायचंय, असं विचारतात. प्रत्येक उडी शुद्धच लागते. ती कच्ची पडली तर रागाला आधार उरत नाही.

पॅरिस ऑपेरानं 'ऑर्फियस' २००५ मध्ये आपल्या नर्तकांवर बसवून घेतलं. २००९ मध्ये बाउश गेल्या. त्यानंतर २०१३ पर्यंत वुपरटालच्या संचाची धुरा मेर्सींनी रोबर्ट श्टुर्म यांच्यासोबत वाहिली.