अर्ध्या मिलिमीटरची पारखी

शिरोळच्या शिवारात 'सुरू', म्हणजे हिवाळ्यातल्या लागणीचा ऊस दोन महिन्यांचा झालाय. पान उलटून बघा. पांढरी, चपटी, कौलांसारखी एकावर एक चढलेली ही अंडी खोडकिडीची आहेत. चार-पाच दिवसांत अळ्या निघतील, कोंब पोखरतील, आणि वाळलेला पोंगा, म्हणजे मधल्या पानांचा गुंडाळा, ओढला की अलगद हातात येईल.

या अंड्यांच्या मागावर आहे ट्रायकोग्रामा चिलोनिस. ही परजीवी गांधीलमाशी जेमतेम अर्धा मिलिमीटर भरते. खोडकिडीच्या पतंगाची मादी अंडी घालताना अंगावरचे खवले तिथंच सांडते. त्यांचा वास लागला की हिची चाल मंदावते, आणि ती तेवढ्याच जागेत घिरट्या घालू लागते.

आता जवळून. ती अंड्यावर चढली. मिशांची टोकं कवचावर आपटत या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली. ही मोजणी आहे! पहिल्या फेरीला लागलेल्या वेळावरून अंड्याचा आकार ताडला जातो, हे तिच्या भाऊबंदांतल्या ट्रायकोग्रामा मिनुटमवरच्या प्रयोगांत दिसलंय. अंडं मोठं, तर आत घालायची अंडीही जास्त. मग ती कवचाला भोक पाडून आत चाचपते. आधी दुसऱ्या ट्रायकोग्रामानं आत अंडं घातलेलं असेल, तर बहुतेकदा ओळखून उतरते. आत अळी तयार होत आली असेल, तरी सहसा नाकारते. तिला ताजं अंडं हवं.

म्हणून ट्रायकोकार्ड, म्हणजे आत ट्रायकोग्रामा वाढत असलेली किडीची अंडी चिकटवलेला कागद, वेळेवर लागलं पाहिजे. पतंग दिसू लागले की हेक्टरी ५०,००० माश्या, दर १० दिवसांनी पुन्हा. कार्डाच्या पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला, सकाळी किंवा संध्याकाळी टाचा आणि रानभर विखरा, कारण ही माशी फार लांब जात नाही. वरच्या बाजूला लावलेली पट्टी उन्हात भाजते. मुंग्याही कार्डावरची अंडी पळवतात. आणि कार्ड लावून दुसऱ्या दिवशी कीटकनाशक फवारलं, तर खर्च पाण्यात.

चार-पाच दिवसांनी भिंग घेऊन त्याच पानांकडे या. अंड्यात एकच काळा ठिपका दिसला, तर ते अळीचं डोकं. अख्खं अंडं काळंकुट्ट असेल, तर आत ट्रायकोग्रामा वाढतेय. ते पान तोडू नका.