एतेल अदनानची गिरवलेली अरबी

मंडळी, आजच्या बाईंचं नाव एतेल अदनान. मी तिला एकेरीच म्हणणार आहे, माफ करा, कवींना आपण तसंच म्हणतो.

जन्म बैरुतचा, 1925 सालचा. वडील दमास्कसचे मुसलमान, ऑटोमन म्हणजे तुर्की साम्राज्याच्या सैन्यातले अधिकारी. आई स्मर्नाची, म्हणजे आताच्या तुर्कीतल्या इझमीरची, ग्रीक ख्रिस्ती. आईवडील आपसात तुर्की बोलायचे, आई मुलीशी ग्रीक. गल्लीत अरबी. आणि शाळेत फ्रेंच, कारण लेबनॉन तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता. नन्सच्या त्या शाळेत तोंडातून अरबी निघाली की शिक्षा. कॉन्व्हेंटात मराठी बोलल्याबद्दल दंड भरलेलं कुणी इथे बसलं असेल, तर त्यांना जास्त सांगायला नको.

वडिलांना हे खुपलं असावं. त्यांनी अरबी व्याकरणाचं पुस्तक पुढ्यात ठेवून मुलीला पानंच्या पानं उतरवायला बसवलं. अर्थ कळत नव्हता, पण हात वळत होता. हा हात विसरू नका.

पुढे पॅरिस, मग 1955 साली अमेरिका. कॅलिफोर्नियातल्या एका कॉलेजात ती तत्त्वज्ञान शिकवू लागली. कविता फ्रेंचमध्येच चालल्या होत्या. तिकडे फ्रान्सविरुद्ध अल्जीरियाचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं होतं. मन लढणाऱ्यांकडे आणि कविता फ्रेंचमध्ये, हे तिला सोसेना. तिने फ्रेंच टाकली. आता मी अरबीत चित्रं काढीन, म्हणाली. टाळ्यांचं वाक्य वाटतं ना? पण चित्रकला शिकवणाऱ्या एका सहकारी बाईंनी तिला आधी विचारलं होतं, तू स्वतः का रंगवत नाहीस? एतेल म्हणाली, आई म्हणायची माझा हात वेंधळा आहे. त्या म्हणाल्या, आणि तू ते खरं मानलंस?

मग 1960च्या दशकात तिने घड्यांच्या लांबलचक जपानी कागदावर अरबी कवींच्या कविता उतरवायला घेतल्या, बाजूने रंग भरत. कितीतरी ओळींचा अर्थ तिला पुरता लागत नसे. वडिलांनी वळवलेला तोच हात. तिच्या चित्रांची जगाने मोठी दखल घेतली तेव्हा ती सत्त्याऐंशीची होती, पण ते असो.

1972 साली ती बैरुतला परतली, फ्रेंच दैनिकांची सांस्कृतिक पानं सांभाळू लागली. टाकलेली भाषा पुन्हा हातात आली. 1975 मध्ये यादवी सुरू झाली. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी काम करणाऱ्या एका ख्रिस्ती बाईला ख्रिस्ती मिलिशियानेच, म्हणजे खासगी सशस्त्र दलाने, पळवून ठार केलं. त्या घटनेवरून एतेलने 'सित् मारी रोज' ही कादंबरी लिहिली. 'सित्' म्हणजे आपलं 'बाई': मारी रोज बाई. युद्ध चालू असतानाच ती पॅरिसमध्ये छापून आली.

फ्रेंचमध्ये का लिहिली, असं विचारतात. मला तर ती फ्रेंचमध्येच शोभते. कादंबरीतले मारेकरी फ्रेंच मिशनरी शाळांतूनच शिकलेले आहेत. त्यांचा पंचनामा त्यांच्या शाळेच्या भाषेत झाला.

कादंबरीतल्या बाई मूकबधिर मुलांना शिकवतात, आणि त्यांचा शेवट त्या मुलांसमोर होतो. बॉम्ब पडतात ते मुलांना ऐकू येत नाहीत. पायाखालची जमीन हादरते, तेवढं कळतं. त्या हादऱ्यांच्या तालावर मुलं नाचू लागतात.