न उघडलेला दुधाचा खोका

हा कचऱ्याचा डबा बघा. जेवणाची सुट्टी संपून दहा मिनिटंही झाली नाहीत आणि वरचा सगळा थर दुधाच्या छोट्या खोक्यांचा, त्यातले कितीतरी उघडलेलेसुद्धा नाहीत, उचलून हलवा, आत दूध डचमळतं. अमेरिकेतल्या शाळांमध्ये हे काही नवीन नाही, 2019 मध्ये तिथल्या कृषी खात्याच्या पाहणीत निघालं की शाळेच्या जेवणातलं साधारण 29 टक्के दूध वाया जातं.

ते दूध ताटात आलं कसं? 1946 चा नॅशनल स्कूल लंच ॲक्ट. महायुद्ध नुकतंच संपलेलं, आणि कायद्यात हेतू सरळ लिहिलेत, मुलांची तब्येत जपायची आणि देशातल्या पौष्टिक शेतमालाचा खप वाढवायचा. दुसरा हेतू नीट ऐका, कारण त्यात दूधवाले मजेत बसतात. तेव्हापासून आजपर्यंत रोजच्या जेवणात 8 औंसाचा, म्हणजे एका कपाचा, हा खोका ठेवावाच लागतो.

आता पोटाचं. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, ती पचवायला लॅक्टेज नावाचं एन्झाइम लागतं आणि जगातल्या बहुतेक माणसांत ते लहानपणानंतर कमी कमी होत जातं. मग पोट फुगतं, गुडगुडतं, आणि पुढचा तास गणिताचा असतो.

आता हे पातेलं, यात लॅक्टोज नसलेलं सोयाचं दूध करायचंय. सोयाबीन रात्रभर भिजलंय, फुगून दुप्पट झालंय, चोळलं की सालं सुटून वर तरंगतात, ती ओतून द्यायची. गार पाण्यात वाटलं तर एक कच्चट, हिरवट वास येतो, लोक सोयाला नाकं मुरडतात ती बरेचदा या वासामुळेच, म्हणून वाटताना पाणी कडक गरम घ्यायचं, वास तयार करणारं एन्झाइम तिथेच मरतं. मग गाळायचं, कापड पिळायचं, हा चोथा बाजूला. आणि आता गॅसवर लक्ष ठेवा, फेस असा भसकन वर येतो की वाटतं झाली उकळी, पण ती खोटी उकळी, आत अजून कच्चंच आहे (आमच्या कॅमेरावाल्याने इथेच गॅस बंद केला होता, परत पेटवावा लागला). कच्च्या सोयात प्रोटीन पचू न देणारा एक घटक असतो, तो मोडायला पुढे चांगली दहा-पंधरा मिनिटं ढवळत राहायचं. वर साय धरते, हो, याच्यावरही साय येते.

हे असं घरचं मात्र शाळेत चालत नाही. नियम म्हणतो एका कपात 8 ग्रॅम प्रोटीन, 276 मिलिग्रॅम कॅल्शियम, शिवाय ए, डी, बी-12 वगैरे पाहिजेच, म्हणजे गाईच्या दुधाच्या तोडीस तोड. बदामाच्या दुधात कपाला जेमतेम 1 ग्रॅम प्रोटीन, ओटचं 3 च्या आसपास, दोघं इथेच गळाले. उरतं मुख्यतः सोया, तेही वरून कॅल्शियम घातलेलं. ते कॅल्शियम तळाला बसतं, म्हणून ही मुलगी खोका उघडायच्या आधी कानाशी धरून खळाखळा हलवतेय, तिला कुणीतरी शिकवलंय.

आधी शाळेत गाईच्या दुधाऐवजी हे मिळायला पालकांची नाहीतर डॉक्टरांची लेखी चिठ्ठी लागायची, आणि जादा खर्च शाळेच्या माथी. जानेवारी 2026 मध्ये कायदा बदलला, बातम्या सगळ्या फुल फॅट दुधाच्या झाल्या, पण त्याच कायद्यात एवढ्याच पौष्टिक वनस्पती-दुधाचा पर्याय सगळ्यांपुढे ठेवायची शाळांना मुभा मिळाली. ज्यांना सोयाचीच ॲलर्जी आहे त्यांचा प्रश्न वेगळा, आणि पैशाचा तर आहेच.

ही लाइन बघा. क्रेट दोन, बाजूबाजूला, पहिला गाईच्या दुधाचा, दुसरा सोयाचा. हा मुलगा हात पुढे करतो, थांबतो, मागे मित्राकडे बघतो, आणि दुसऱ्या क्रेटमधला खोका उचलतो.