हमालाची कंबर

(मार्केट यार्ड, सांगली. हळदीचा सौदा.)

हळकुंड मोडून रंग पाहणारे व्यापारी तुम्ही बातम्यांत बघितले असतील. आज त्यांच्या मागे बघा. पन्नास किलोचं पोतं दोघांनी उचललं, तिसऱ्याच्या पाठीवर दिलं. तो वाकला, तोल सावरला आणि चालू पडला. थप्पीपाशी पोचला की अंगाला पीळ देऊन पोतं सोडायचं. वाकणं, वजन आणि पीळ एकाच वेळी. कमरेला सगळ्यात जड जातो तो हाच क्षण.

मग एखाद्या सकाळी उसण भरते. पायाळू माणसाचा पाय लावून बघतात. मेडिकलमधून गोळी येते, कमरेला पट्टा येतो. शेवटी एमआरआयचा कागद हातात घेऊन कुणीतरी म्हणतं, ‘मणक्यांमधली गादी सरकली.’ एवढ्यावर माणूस धसका घेतो, वाकायचंच सोडतो. खरं तर ज्यांची कंबर कधी दुखली नाही, अशा कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्येही फुगलेली गादी दिसते.

(फिजिओथेरपीची खोली.)

हे हमाल मामा. टेबलावर पालथे झोपण्याआधी त्यांची नीट तपासणी झाली आहे. पायातली ताकद कमी झाली का? जांघेत बधिरपणा आहे का? लघवी-संडासवरचा ताबा सुटलाय का? यातलं काही निघालं असतं, तर फिजिओथेरपिस्ट ताईंनी त्यांना लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतं.

आता हात बघा. आधी नुसता तळवा ठेवलेला. मग अंगठा मणक्याच्या कडेच्या स्नायूवरून सावकाश सरकतो. एका जागी मामांचा श्वास अडकतो आणि अंगठा तिथेच थांबतो. जोर वाढत नाही. श्वास सुटला, की पुढे. मग मनगटालगतचा तळवा खालच्या मणक्यांवर येतो आणि दाब सुरू होतात. हलके, लयीत, सेकंदाला साधारण दोन. जोर बोटांचा नाही. ताई खांदे पुढे झुकवून अंगाचं वजन देतात.

‘मामा, जास्त दुखलं तर लगेच सांगा.’
‘दुखतंय, पण बरं वाटतंय ताई.’

तालमीतल्या मालिशीवर पोसलेल्या या जिल्ह्याला हाताचं मोल वेगळं सांगायला नको. पण हात नेमकं करतो काय? मणका ‘जागेवर बसवत’ नाही. तो जागचा हललेलाच नसतो. कधी ‘कट्’ असा आवाज येतो, तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याचा. खरं काम मज्जातंतूंच्या पातळीवर चालतं. स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूत पोचतात आणि वेदनेच्या संदेशांना आवर घालतात. मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी ही कल्पना १९६५ साली मांडली. वेदना उतरली, की आवळून धरलेला स्नायू सैलावतो आणि माणूस हलायला धजतो.

आणि दाह? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ११ तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली आणि प्रत्येकाच्या एकाच मांडीला दहा मिनिटं मसाज दिला. दोन्ही मांड्यांतल्या स्नायूंचे बारीक तुकडे तपासले, तेव्हा मसाज झालेल्या बाजूला दाह वाढवणारे काही घटक कमी दिसले. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोग मांडीवरचा आहे, कमरेवरचा नाही, आणि माणसं थोडी. तरीही हाताखालच्या पेशींना काहीतरी कळतं, एवढं त्यातून नक्की दिसतं.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायामाबरोबर मसाज आणि मणक्यावरचे हस्तोपचार आहेत. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन, म्हणजे कंबर ताणून धरणं, सरसकट वापरू नका, असंही त्यात म्हटलं आहे.

(मामा टेबलावरून उतरतात. व्यायाम.)

हाताने मिळालेला आराम काही तासांचा किंवा काही दिवसांचा. तेवढ्यात व्यायाम सुरू व्हायला हवा. पाठीवर झोपून गुडघे छातीशी, मग कंबर वर उचलणं, मग रिकामं पोतं घेऊन उचलायची रीत. पीळ द्यायचा नाही, पाय वळवायचे. मामा ते तिसऱ्यांदा करताहेत, चेहरा बघा.

मामा आता टोळीत परतलेत. सध्या पोती शिवायला बसतात, हमालीचे पैसे कमी मिळतात.

हमालांसाठीचा माथाडी कायदा १९६९ सालचा. त्याखाली चालणाऱ्या कल्याणाच्या कामात अशी एक खोली यार्डातच यायला हवी, सौदे सुरू व्हायच्या आधी उघडणारी. आज या टेबलापर्यंत यायचं, तर मामांना त्या दिवसाच्या हमालीवर पाणी सोडावं लागतं.