सेल मोजा, मग व्होल्ट बघा

[दृश्य: इंदूर, सकाळचं सियागंज. शटर वर जातंय, काउंटरवर ड्रिल मशीन मांडली जात आहेत.]

"भिया, बीस वोल्ट वाली दिखाना. अठारा वाली नहीं."

सियागंजातल्या हत्यारांच्या दुकानात बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलसाठी ही मागणी नेहमीची. मागणारा कधी सुतार असतो, कधी एसी बसवणारा, तर कधी लोकमान्यनगरात राहणारा, घरची कामं स्वतः करणारा एखादा हौशी गृहस्थ. दोन व्होल्ट जास्त म्हणजे जोर जास्त, असा त्यांचा हिशेब. बॅटरीचं कवच उघडलं की तो हिशेब चुकतो.

[दृश्य: टेबलावर उघडलेली बॅटरी. आत दहा गोल सेल, निकेलच्या पट्ट्यांनी जोडलेले.]

यातला प्रत्येक लिथियम-आयन सेल काम करताना सरासरी 3.6 व्होल्ट देतो. पूर्ण भरला की 4.2 पर्यंत चढतो. पाच सेल एकापुढे एक जोडले की 18 व्होल्ट होतात. हीच बॅटरी चार्जरवरून नुकती काढून मीटर लावला, तर 20 ते 21 दिसतात. डिवॉल्ट कंपनीची बॅटरी अमेरिकेत '20 व्होल्ट मॅक्स' म्हणून विकतात, युरोपात तीच 18 व्होल्टची असते. सेल पाचच. '12 व्होल्ट मॅक्स' म्हणजे तीन सेल, '40 मॅक्स' म्हणजे दहा. बिननावाच्या खोक्यांवर '48 व्हीएफ', '88 व्हीएफ' असे आकडे छापलेले दिसतात. 'व्हीएफ' नावाचं विजेचं कुठलंच एकक नाही, आणि त्या खोक्यांत बहुतेकदा पाच सेलच निघतात. म्हणून दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न: एका ओळीत सेल किती?

दुसरा प्रश्न: अशा ओळी किती? बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप अँपिअर-तास. 2 अँपिअर-तासाच्या, म्हणजे दुकानाच्या भाषेत 2 एएचच्या, बॅटरीत पाच सेलची एकच ओळ असते. 5 एएचच्या नेहमीच्या बॅटरीत 2.5 एएचच्या सेलच्या दोन ओळी शेजारी शेजारी असतात. किती वेळ चालेल, एवढ्यापुरताच हा फरक नाही. जोरही इथेच ठरतो, आणि गिऱ्हाइकाच्या नजरेतून नेमकं हेच सुटतं.

[दृश्य: फॅब्रिकेशनचं दुकान. चार इंची कॉर्डलेस ग्राइंडर लोखंडी अँगल कापतोय, मध्येच थांबतो.]

हा ग्राइंडर बिघडलेला नाही. अँगल कापताना तो 30 अँपिअर सहज खेचतो. 2 एएचच्या बॅटरीत ते सगळे 30 अँपिअर प्रत्येक सेलमधून जातात. सेलचा व्होल्टेज दबतो, सेल तापतो, आणि सेल वाचवण्यासाठी आतलं सर्किट पुरवठा तोडतं. 5 एएचच्या बॅटरीत प्रत्येक ओळीवर 15 अँपिअरच येतात आणि तोच ग्राइंडर न थांबता कापतो. ड्रिलच्या किटमध्ये आलेल्या छोट्या बॅटरीवर नंतर घेतलेला ग्राइंडर चालवायचा आणि मग मशीनला नावं ठेवायची, असं फार होतं. ग्राइंडर, गोल करवत आणि हॅमर यांना दोन ओळींची बॅटरी लागतेच.

आता वेळेचा हिशेब. व्होल्ट गुणिले एएच म्हणजे वॉट-तास. 18 गुणिले 5, म्हणजे 90 वॉट-तास. ग्राइंडर सलग 600 वॉट घेत असेल तर ही बॅटरी 9 मिनिटं चालेल. खिडकीच्या ग्रिलची चार टोकं साफ करायला एवढं पुरतं. दिवसभर अँगल कापायचे असतील तर वायरचा ग्राइंडरच घ्यावा. एसीच्या पाइपसाठी नऊ इंची भिंतीत 65 मिलिमीटरचं भोक पाडायचं, तर तिथेही वायरचीच कोअर मशीन हवी.

मग 36 व्होल्टचा, म्हणजे '40 मॅक्स'चा, फायदा काय? समजा मोटारीला 720 वॉट हवेत. 18 व्होल्टवर 40 अँपिअर लागतील, 36 वर 20. वायर, स्विच आणि बॅटरी मशीनला जोडणाऱ्या धातूच्या पात्यांमध्ये वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे प्रवाह निम्मा झाला की तीच उष्णता चौथा हिस्सा होते. पात्या वितळणं, स्विच जळणं कमी होतं. पण सेलच्या बाबतीत ही गोष्ट लागू नाही. दहा सेल दोन ओळींत जोडा किंवा एका लांब ओळीत, 720 वॉटला प्रत्येक सेलमधून 20 अँपिअरच जातात. म्हणजे 36 व्होल्टची 2.5 एएच आणि 18 व्होल्टची 5 एएच, दोन्हींत 90 वॉट-तासच. रोज जाड सळया कापणाऱ्याला, काँक्रीटमध्ये मोठी भोकं पाडणाऱ्याला 36 चा खर्च परवडतो. बाकीच्यांना 18 पुरे.

[दृश्य: नव्या फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचन बसतंय. सुताराचा हात डोक्यावर, कपाटाच्या बिजागरीशी.]

या माणसाला तर 18 चीही गरज नाही. 18 मिलिमीटर प्लायमध्ये स्क्रू बसवायला, बिजागऱ्या लावायला 12 व्होल्टची मशीन पुरते. दिवसभर हात वर ठेवायचा असेल तर अर्धा किलो कमी असणं ही चैन नव्हे, खांदा वाचवायची सोय आहे. विटेच्या भिंतीत गिट्टीसाठी, म्हणजे स्क्रूच्या प्लगसाठी, 6 किंवा 8 मिलिमीटरचं भोक 18 व्होल्टची इम्पॅक्ट ड्रिल करते. स्लॅब किंवा बीमला मात्र तीच ड्रिल नुसती गुरगुरते, कारण तिचा ठोका दातेरी चकत्यांचा असतो, हलका असतो. तिथे एसडीएस-प्लस, म्हणजे खाचांची खास बिट धरणारा, रोटरी हॅमर लागतो. त्यात हवेच्या दाबावर चालणारा पिस्टन ठोका देतो, म्हणून 18 व्होल्टवरही काँक्रीट फुटतं.

[दृश्य: वेगवेगळ्या बॅटऱ्या ओळीने, कॅमेरा त्यांच्या खाचांवर.]

पहिली मशीन घेता तेव्हा खरं तर ही खाच घेता. पुढच्या पाच-सात मशीन याच खाचेच्या येणार. आणि एका कंपनीच्या सगळ्या बॅटऱ्या एकमेकींच्या जागी बसतात, असं समजू नका. बॉशच्या निळ्या आणि हिरव्या मशीनच्या 18 व्होल्टच्या बॅटऱ्या वेगळ्या. मकिताची 18 व्होल्टची एलएक्सटी आणि स्वस्त जी मालिका वेगळ्या. मकिताची 40 मॅक्सची बॅटरी 18 च्या मशीनला बसत नाही. हायकोकीची मल्टी-व्होल्ट आणि डिवॉल्टची फ्लेक्सव्होल्ट या जास्त व्होल्टच्या बॅटऱ्या मात्र आपापल्या कंपनीच्या 18 च्या मशीनमध्येही चालतात, आतली जोडणी आपोआप बदलते.

बाजारात एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला लावायचे ॲडॅप्टर मिळतात. ते घेऊ नका. सेल जास्त तापला किंवा जास्त उतरला तर थांबवणारी यंत्रणा काही कंपन्या बॅटरीत ठेवतात, काही मशीनमध्ये. ॲडॅप्टरमध्ये नुसते प्लस-मायनस जोडलेले असतात, त्यामुळे दोन्हीकडची राखण सुटू शकते.

खरेदीआधी यादी करा: पुढच्या दोन वर्षांत कोणत्या मशीन लागतील, त्या या खाचेत आहेत का, आणि इंदुरातच सर्व्हिस आणि सुटी बॅटरी मिळते का. पहिली मशीन दोन बॅटऱ्या आणि चार्जरसह घ्या, पुढच्या नुसत्या मशीन, बॅटरीविना. चार्जर निदान 4 अँपिअरचा हवा, म्हणजे 5 एएचची बॅटरी सव्वा-दीड तासात भरते. 2 अँपिअरवाल्यावर तीच अडीच तासांहून जास्त घेते, आणि तेवढा वेळ काम थांबतं.

[दृश्य: मे महिना, दुपार. पत्र्याच्या शेडमध्ये चार्जर, दिवा लुकलुकतोय, चार्जिंग सुरू नाही.]

इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. ग्राइंडरमधून काढलेली गरम बॅटरी तशीच चार्जरला लावली तर चार्जर ती थंड होईपर्यंत वाट बघतो. तापलेल्या सेलमध्ये वीज भरली की त्याचं आयुष्य झपाट्यानं घटतं. बॅटरी अर्धा तास सावलीत ठेवा, मग लावा. लोडिंग रिक्षाच्या काचेमागे ठेवू नका. पावसाळ्यात काम बंद असेल तर अर्धी भरून ठेवा. रिकामी ठेवली तर सेल इतके खाली उतरतात की चार्जर तिला नाकारतो.

[दृश्य: तराजूवर बॅटरी.]

नकली बॅटरी वजनात पकडली जाते. 18650 मापाचा एक सेल साधारण 45 ग्रॅमचा, दहांचे साडेचारशे, वर कवच आणि सर्किट. 5 एएचची बॅटरी सव्वासहाशेच्या आसपास भरायला हवी. चारशे भरली तर आत पाचच सेल आहेत. त्याच आकारावर 10 एएच छापलं असेल तर छापलेलं खोटं, कारण या मापाचा सेल 3.5 एएचच्या पुढे फारसा जात नाही, दोन ओळींत 7 झाले.

फुगलेली किंवा चार्जरने नाकारलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नका, कचरागाडीत दाबली गेली की पेटते. पात्यांवर चिकटपट्टी लावा आणि ती विकत घेतलेल्या दुकानात द्या. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. दुकानदार नाही म्हणाला तर घरी येणाऱ्या महापालिकेच्या गाडीवर, घातक कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात, सांगून द्या.