आठ मिलिमीटर म्हणजे नेमके किती?

मंडळी, जुन्या युरोपीय रायफलींसाठी घरी काडतुसं भरायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘दारू किती घालायची?’ मी आज तो आकडा सांगणार नाही. त्याच्या आधीचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत: माझ्या नळीचं माप काय?

जर्मनीची 1888 ची लष्करी रायफल घ्या. दोनच वर्षांपूर्वी फ्रान्सनं पॉल व्हिएयच्या धूरविरहित दारूवर चालणारी लेबेल रायफल आणली होती, म्हणून बर्लिननं घाईघाईत एक समिती बसवली आणि ही रायफल काढली. तिच्या गोळीचा व्यास सुमारे 8.08 मिलिमीटर. पुढे 1905 च्या सुमारास टोकदार, हलकी गोळी आली. पूर्वीची साडेचौदा ग्रॅमच्या वर होती, ही दहाची. पण हिचा व्यास 8.2 च्या पुढे! केस, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, तीच, 57 मिलिमीटर लांबीची. त्यामुळे नवं काडतूस जुन्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, कित्येकदा निमूटपणे बसतं, ती जागा मागून बंद करणारा बोल्टही बंद होतो. फरक दशांश मिलिमीटरहून थोडासाच जास्त, पण जाड गोळी अरुंद नळीत कोंबली जाते आणि दाब भलताच चढतो.

लष्करानं बऱ्याच जुन्या रायफली नव्या गोळीसाठी सुधारून त्यांवर ‘एस’ हे अक्षर खूण म्हणून ठोकलं. शिकारी रायफली मात्र जुन्या मापात पुढेही बरीच वर्षं बनत राहिल्या. आज युरोपात ‘8 बाय 57 आय’ (जुनी, बारीक गोळी) आणि ‘8 बाय 57 आयएस’ (नवी, जाड गोळी) ही दोन वेगळी काडतुसं मानली जातात. ‘आय’च्या जागी ‘जे’ छापलेला दिसला तर गोंधळू नका, ते एकच. अमेरिकी कारखाने तर याच भीतीनं हे काडतूस मुद्दाम मवाळ भरतात.

म्हणून ठोकलेल्या अक्षरावर विसंबू नका, मोजा. रायफल रिकामी आहे याची खात्री करा, बोल्ट काढा. मऊ शिशाची तेल लावलेली गोळी पितळी गजानं नळीतून हळूहळू पलीकडे काढा आणि मायक्रोमीटरनं तिचा व्यास घ्या. गोळीला फिरकी देण्यासाठी नळीत आतून खाचा असतात. जर्मन माउझर रायफलीच्या नळीत त्या चार, समोरासमोर, त्यामुळे काम सोपं. ब्रिटिश एनफिल्ड रायफलीच्या पाच खाचांपुढे साधा मायक्रोमीटर हात टेकतो! चेंबरचा साचा घ्यायला बिस्मथचा मिश्रधातू मिळतो, तो उकळत्या पाण्याहून कमी तापमानाला वितळतो. तो आधी आकसतो, मग फुगतो, म्हणून त्याच्या पत्रकात दिलेल्या वेळेलाच मोजायचा.

काळ्या दारूची, म्हणजे धूरविरहित दारूच्या आधीच्या जुन्या बारुदीची, गोष्ट निराळी. तिच्या काडतुसात दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी ठेवत नाहीत. ‘तेवढीच जागा धूरविरहित दारूनं भरू’ हा विचार मनातही आणू नका, त्यानं नळी फुटते. दारूचं वजन त्याच दारूच्या कारखान्याच्या छापील पुस्तकातूनच घ्यायचं. काळी दारू उडवल्यावर नळी त्याच दिवशी गरम पाण्यानं धुवा. तिची राख ओल धरते आणि गंज खातो.

बेल्जियममधल्या लिएजच्या परीक्षणगृहाचा, म्हणजे बंदुका जादा दाबानं उडवून तपासणाऱ्या संस्थेचा, शिक्का पाहून लोक निर्धास्त होतात. ते गृह 1672 पासूनचं, शंका नाही. पण तो शिक्का त्या दिवशीच्या नळीचा आणि त्या काळच्या दारूचा. नंतर कुणी ती आतून घासून पातळ केली असेल, तर ते शिक्क्याला काय माहीत? वेटोळ्यांची नक्षी असलेल्या दमास्कस नळ्यांत आजची काडतुसं नकोतच.

भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे. जर्मनीत राहणाऱ्या आपल्या मंडळींनाही स्फोटक कायद्याच्या कलम 27 चा परवाना लागतो. तिथे एक सोय मात्र चांगली आहे: उल्म किंवा झूलच्या सरकारी परीक्षणगृहात रायफल पुन्हा तपासून घेता येते. ते कमाल दाबापेक्षा सुमारे 25 टक्के जास्त दाबाची काडतुसं तिच्यातून उडवतात. फुटलीच, तर त्यांच्या खोलीत फुटते.